नव्या नगरीत मन का रमत नाही?



काल याच व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवरील व्याख्यान ऐकले आणि उद्या पाटबंधाऱ्यांवर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये संगणकावरील खेळ कोठून घुसला, असा प्रश्न आज सकाळी आम्हांला फाटकाशीच एका गृहस्थांनी विचारला. आम्ही म्हणालो, "आपल्या घरी पस्तीस-चाळीस वर्षांचा कोणी मुलगा किंवा जावई आहे काय?" ते म्हणाले, "आहे." "तो रात्री जेवण झाल्यावर काय करतो?" यावर ते काही बोलले नाहीत, परंतु ते आज तिसऱ्या रांगेत बसलेले आम्हांला दिसत आहेत.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. खेळाचे व्यसन, डोळ्यांचा नाश, तरुण पिढीचा ऱ्हास या विषयांवर आम्ही आज बोलणार नाही. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत आम्हीही एके काळी होतो. त्याची कबुली पुढे येईलच. आजचा आमचा प्रश्न नेमका उलट आहे. हे खेळ माणसाला धरून ठेवतात अशी त्यांची ख्याती असताना नवा खेळ आला की लाखो लोक त्यात लोटतात आणि महिन्या-दोन महिन्यांत निघून जातात, हे का होते? जे निघून जातात ते त्या खेळाचे विरोधक नव्हेत. वर्षानुवर्षे त्याची वाट पाहत बसलेलेच ते लोक असतात.

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. हा पत्त्यांसारखा एका बैठकीत संपणारा डाव नव्हे. कंपनीच्या मोठ्या संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात, एक नगरी चोवीस तास चालू असते. तिच्यात आपण एखादे सोंग घेऊन प्रवेश करावयाचा. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. त्याच वेळी हजारो माणसे आपापल्या घरून त्याच नगरीत वावरत असतात. आपण झोपलो तरी ती नगरी झोपत नाही. इंग्लंडातील इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ साली 'मड' नावाचा असा खेळ सुरू केला. त्यात चित्र एकही नव्हते. 'तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात' अशी वाक्ये पडद्यावर उमटत. पुढे चित्रे आली. १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन, १९९९ चा एव्हरक्वेस्ट आणि २००४ च्या नोव्हेंबरात आलेला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ही त्यांतील मोठी नावे. या शेवटच्या खेळाला महिन्याची वर्गणी भरणारे २०१० साली एक कोटी वीस लाख लोक होते. पुष्कळ राष्ट्रांची लोकसंख्या याहून कमी आहे.

आमचा भाचा त्या एक कोटी वीस लाखांतला एक. अमेरिकेत ओहायो राज्यात तो शिकावयास गेला आणि २००६ पासून तेथे हा खेळ खेळू लागला. आता तो पुण्यास हिंजवडीत नोकरीला आहे, केस पांढरे होऊ लागले आहेत आणि गेली पंधरा वर्षे तो एकच तक्रार करीत आहे. "मामा, प्रत्येक नवा खेळ मी विकत घेतो. पहिला आठवडा झोप येत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तो बंद करतो." घरच्यांना वाटते, बरे झाले. त्याला मात्र काहीतरी हरवल्यासारखे वाटते आणि ते काय, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्यामुळेच आम्ही या विषयात पडलो.

अमेझॉन कंपनीचा न्यू वर्ल्ड हा खेळ २८ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाला. त्या दिवशी मंगळवार होता आणि भाच्याने रजा घेतली होती. आम्हीही कुतूहलाने त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाहतो तो काय, खेळ सुरूच होईना! पडद्यावर एक आकडा आला: तुमच्यापुढे रांगेत इतके हजार. रेशनच्या दुकानापुढे आम्ही आयुष्यात पुष्कळ उभे राहिलो आहोत, पण पैसे आधी देऊन घरबसल्या रांग लावण्याचा हा प्रकार आम्हांस नवा होता. थोड्याच दिवसांत एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक माणसे त्या खेळात असल्याची नोंद झाली. सहा महिन्यांनी हा आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्यावरही राहिला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे या खेळात नवे काही घातले जाणार नाही.

आता या गर्दीचा हिशेब पाहा, कारण त्यात एक मोठी गोम आहे. एका सर्व्हरवर एका वेळी दोन हजारांच्या आसपास माणसे मावत. रांगा लागल्या, लोक ओरडू लागले, म्हणून कंपनीने घाईघाईने आणखी सर्व्हर उघडले. प्रत्येक सर्व्हर म्हणजे त्याच नगरीची वेगळी प्रत, वेगळ्या वस्तीची. जत्रेसाठी दहा धर्मशाळा बांधाव्यात तसा हा प्रकार झाला. जत्रा उठल्यावर गावात माणसे राहिली ती एका धर्मशाळेपुरती, पण ती दहांत विखुरलेली. या खेळात गावाच्या मालकीसाठी पन्नास विरुद्ध पन्नास अशी लढाई असे. शंभर माणसे जमल्याशिवाय ती कशी होणार? मग ज्याला खेळ आवडत होता तोही एके संध्याकाळी ओस पडलेल्या चौकात उभा राहून विचार करी की आपण येथे काय करीत आहो? तो गेला की चौक आणखी ओस. पुढे कंपनीने सर्व्हर एकमेकांत मिसळले, पण एकदा उठलेली वस्ती अशी परत बसत नाही. तेव्हा पहिल्या दिवसाची गर्दी हे यशाचे लक्षण म्हणून वर्तमानपत्रांत छापून येते, पण पुष्कळ वेळा तीच पुढच्या ओसाडीचे कारण असते.

दुसरे कारण थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांच्या तोंडी आहे. बांधणाऱ्यांना वर्षे लागतात आणि खाणाऱ्यांना आठवडे. २० डिसेंबर २०११ रोजी आलेल्या स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक या खेळात आठ वेगवेगळ्या पात्रांच्या आठ कथा होत्या आणि त्यांतील प्रत्येक संवाद नटनट्यांकडून बोलवून घेतला होता. काम उत्तम होते, असे भाचा आजही म्हणतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये वर्गणीदार सतरा लाख होते, मे महिन्यात तेरा लाख झाले, उन्हाळा संपण्यापूर्वी दहा लाखांच्या खाली आले आणि नोव्हेंबरात कंपनीने तो खेळ फुकट खुला केला. कथा संपल्यावर पुस्तक मिटावे तसे लोकांनी तो मिटला. त्यात पुन्हा असे की नव्या खेळाची तुलना होते ती जुन्या खेळाच्या आजच्या वैभवाशी. वीस वर्षे मजले चढत गेलेल्या वाड्याशेजारी नवी पायाभरणी ठेंगणी दिसणारच. हे कारण खरे आहे, पण आमच्या मते पुरे नाही. एव्हरक्वेस्ट १९९९ साली आला तेव्हा त्यात करण्यासारखे आजच्या मानाने फारच थोडे होते आणि तरीही लोक त्यात वर्षानुवर्षे राहिले. का राहिले?

येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले तरी आमची हरकत नाही.

एव्हरक्वेस्ट हा फार गैरसोयीचा खेळ होता. मांत्रिकाची शक्ती संपली की जमिनीवर बसून ती हळूहळू भरून येण्याची वाट पाहावी लागे. एका खंडातून दुसऱ्या खंडात जावयाचे तर धक्क्यावर गलबताची वाट पाहत उभे राहावे लागे. मरण आले तर आपले प्रेत, अंगावरच्या साऱ्या चीजवस्तूंसह, मेलो त्याच ठिकाणी पडून राही आणि आपण दूर कोठेतरी उघडेवाघडे जिवंत होऊ. ते प्रेत गाठण्यासाठी पुन्हा त्याच राक्षसांच्या गुहेत शिरावयाचे! एकट्याने ते जमत नसे. मग कोणा अनोळखी माणसास हाक मारावी लागे. कोणी सोबत येई, कोणी पुरोहित मंत्र म्हणून गेलेला अनुभव परत मिळवून देई. आणि ज्याने असे केले त्याचे नाव आपण विसरत नसू. जमिनीवर बसून शक्ती भरेपर्यंत करावयाचे काय? गप्पा. गलबत येईपर्यंत करावयाचे काय? गप्पा. खेळ रचणाऱ्यांनी हे सारे दूरदृष्टीने योजले होते असे आमचे म्हणणे नाही. त्यातले बरेचसे अडचणीतून आलेले असावे. पण त्या अडचणीच्या फटींतून माणसे एकमेकांना दिसू लागली.

याचे एक उदाहरण आम्हांला फार आवडते. त्या खेळात प्रारंभी बाजारपेठ नव्हती. जुनी तलवार विकावयाची तर ओरडून विकावी लागे आणि ओरड फार लांब जात नसे. तेव्हा खेळाडूंनी आपण होऊन एक बोगदा निवडला. कॉमनलँड्स नावाच्या माळरानातला तो बोगदा. कंपनीने तेथे काहीही योजले नव्हते. पण संध्याकाळ झाली की तेथे विकणारे, घेणारे, घासाघीस करणारे आणि नुसतेच उभे राहणारे जमत. आमच्या लहानपणी मंडईजवळ असेच एक वळण होते; तेथे मिळत काहीच नसे आणि सारे गाव तेथे भेटे. पुढे डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने रीतसर बाजार बांधून दिला. माल मांडून ठेवावा, घेणाऱ्याने यादीत शोधावा, बोलण्याची गरज नाही. सोय झाली आणि बोगदा ओस पडला.

आणखी एक खेळ होता, २००३ साली निघालेला स्टार वॉर्स गॅलक्सीज. राफ कोस्टर हे त्याचे एक प्रमुख रचनाकार. त्यात लढून आलेल्या माणसाच्या मनाला थकवा येई आणि तो कोणत्याही औषधाने जात नसे. तो घालवण्यासाठी मद्यगृहात जाऊन बसावे लागे आणि तेथे नाचणाऱ्या किंवा वाद्य वाजवणाऱ्या खेळाडूचा कार्यक्रम पाहावा लागे. ही नाचणारी, वाजवणारी सारी खरी माणसेच. शस्त्र हाती न धरता नुसती कला दाखवून त्या नगरीत उपजीविका करणारी. शूर वीरांना सक्तीने मैफलीस बसवणारा हा नियम ज्याला सुचला त्याला आमचा नमस्कार! २००५ च्या नोव्हेंबरात कंपनीने अधिक लोकांना रुचावा म्हणून तो खेळ मुळापासून बदलला, तो सोपा आणि वेगवान केला. जुने लोक रागावून गेले आणि नवे यावेत तितके आले नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये ती नगरी बंद झाली.

आता वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टकडे या. त्यातील पाच जणांची मोहीम काढावयाची तर पूर्वी चौकात हाक द्यावी लागे: एक वैद्य हवा, एक ढाल धरणारा हवा. अर्धा तास जमवाजमव, मग चालत गुहेपर्यंत प्रवास. यात पुष्कळ वेळ वाया जाई, हे खरे. डिसेंबर २००९ मध्ये एक बटण आले. ते दाबले की यंत्र आपोआप पाच जण जमवी, तेही निरनिराळ्या सर्व्हरांवरून, आणि थेट गुहेत नेऊन सोडी. पंधरा-वीस मिनिटांत काम उरके, पाच जण पाच दिशांना जात आणि पुन्हा जन्मात भेटत नसत. वाईट वागलेल्याला लाज नाही आणि चांगले वागलेल्याला नाव नाही. भाचा म्हणतो, त्या बटणाने त्याचा रोजचा एक तास वाचवला आणि त्या वाचलेल्या तासात काय करावे हे त्याला कळेना. त्यानंतर आलेल्या बहुतेक नव्या खेळांत हे बटण, किंवा त्याचे भाऊबंद, पहिल्या दिवसापासून असतात. म्हणजे ज्या काळात माणसांची ओळख व्हावयाची, त्याच काळात ओळखीची गरज काढून घेतलेली.

आमच्या या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. निकोला दुशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंचे निरीक्षण करून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की त्या काळीसुद्धा लोक पुष्कळसा वेळ एकटेच खेळत. मग इतरांचे प्रयोजन काय? तर प्रेक्षक म्हणून, आसपासची हालचाल म्हणून, कानांवर पडणारे बोलणे म्हणून. हे वाचून आम्ही प्रथम गडबडलो. मग आमच्या वाचनालयाची आठवण झाली. तेथे सकाळी वीस माणसे येतात, प्रत्येक जण आपले वर्तमानपत्र वाचतो आणि कोणी कोणाशी चार शब्दही बोलत नाही. पण एखादा चार दिवस आला नाही तर पाचव्या दिवशी चौकशी होते. एकटे बसावयाचे, पण आपल्याला ओळखणाऱ्या लोकांत बसावयाचे, हा एक निराळाच आनंद आहे. नव्या खेळात तुम्ही अनोळखी लोकांत एकटे असता.

आता आमची कबुली. २००७ च्या हिवाळ्यात भाचा ओहायोमध्ये तापाने आजारी पडला. तीन दिवस तो खोलीबाहेर पडला नाही. त्या इमारतीत कोणाला पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी त्याचा फोन वाजला तो त्याच्या खेळातल्या मंडळातल्या, ज्याला गिल्ड म्हणतात त्यातल्या, एका मध्यमवयीन बाईंचा. "तू तीन रात्री दिसला नाहीस," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मंडळातला एक गडी त्याच राज्यात राहणारा होता. तो मोटार घेऊन आला आणि याला डॉक्टरकडे घेऊन गेला. ही हकीकत त्याने आम्हांस सांगितली ती दहा वर्षांनी. का, तर त्याच महिन्यात आमच्या बहिणीच्या सांगण्यावरून आम्ही त्याला एक लांबलचक पत्र लिहिले होते. खेळात आयुष्य फुकट घालवू नकोस, चार खरी माणसे जोड, असा उपदेश केला होता. ते पत्र त्याने जपून ठेवले आहे. आम्ही ते परत मागितले, तो देत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तोच जुना खेळ जुन्या रूपात पुन्हा उघडला. बटण नाही, चालत जाणे आहे, सारे पूर्वीसारखे. भाच्याला वाटले, आपले हरवलेले सापडले. पण काय झाले पाहा. त्या खेळात रॅग्नरॉस नावाचा एक अग्निदैत्य आहे. पहिल्या खेपेस, खेळ निघाल्यापासून त्याला मारावयास खेळाडूंना सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ साली तो आठवड्याच्या आत मेला! नगरी तीच, दैत्य तोच, पण येणारा माणूस बदलला होता. प्रत्येकाला कोणती वाट जवळची, कोणती तलवार चांगली, हे घरून पाठ करून आलेले. रस्त्यात थांबून कोणी विचारीना, कारण कोणाला काही विचारावयाचे नव्हते. अज्ञान हीसुद्धा एक ओळख करून देणारी गोष्ट आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. तेव्हा सारा दोष कंपन्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. गैरसोयीबद्दल हळहळणारे आणि सोय नसली की दुसऱ्या दिवशी खेळ सोडणारे हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. वाइल्डस्टार नावाच्या खेळाने २०१४ साली जुन्या धर्तीच्या चाळीस जणांच्या कडक मोहिमा परत आणल्या. चाळीस माणसे जमवण्याचे कष्ट आता कोणाला घ्यावयाचे नव्हते. २०१८ च्या नोव्हेंबरात तो बंद झाला.

मग उपाय नाहीच काय? एक उदाहरण आहे. जपानी कंपनीचा फायनल फँटसी चौदावा हा खेळ २०१० च्या सप्टेंबरात निघाला तो इतका फसला की कंपनीच्या अध्यक्षांना जाहीर क्षमा मागावी लागली. नाओकी योशिदा या गृहस्थांकडे तो सोपवण्यात आला. त्यांनी नवा खेळ रचावयास घेतला आणि जुन्या नगरीवर आकाशातला एक चंद्र पाडून नोव्हेंबर २०१२ मध्ये तिचा शेवट केला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि २०२१ च्या डिसेंबरात तेथे इतकी गर्दी झाली की कंपनीने काही काळ खेळाची विक्रीच थांबवली. यात त्या बटणाचाही उपयोग आहे, पण एका युक्तीने. जुन्या, अनुभवी खेळाडूला नवख्यांच्या गुहेत परत पाठवण्यासाठी बक्षीस ठेवलेले असते आणि गटात कोणी प्रथमच येत असेल तर तसे सर्वांना कळवून सर्वांना जादा मोबदला मिळतो. त्यामुळे नवशिक्याची चूक झाली तर इतर रागावण्याऐवजी खूश होतात. शिवाय योशिदांनी खेळाडूंना उघडपणे सांगितले आहे की करण्यासारखे संपले तर खुशाल वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा आणि नवा भाग आला की परत या. गिऱ्हाइकाला जा म्हणणारा दुकानदार आम्ही तरी प्रथमच पाहिला. आणि लोक परत येतात.

भाचाही तेथे अधूनमधून जातो. पण जुन्या खेळाची वर्गणी त्याने अद्याप बंद केलेली नाही. गेल्या दिवाळीत आम्ही विचारले, आता तेथे काय खेळतोस? त्याने पडदा उघडून मंडळाची यादी दाखवली. सदतीस नावे आणि प्रत्येक नावापुढे ते माणूस शेवटचे कधी आले त्याची नोंद. कोणापुढे अकरा वर्षे, कोणापुढे तेरा. तो फोन करणाऱ्या बाईंच्या नावापुढे बारा वर्षे. मंडळाचे मूळ अध्यक्ष बरेच दिवस फिरकले नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे अध्यक्षपद याला आपल्याकडे घेता आले. आम्ही म्हटले, "अरे, मग हे मंडळ विसर्जित का करीत नाहीस?" तो म्हणाला, "मामा, त्यांतलं कोणी एखाद्या रात्री सहज डोकावलं आणि मंडळच नाही असं दिसलं तर?" आणि महिन्यातून एकदा तो त्या नगरीत जातो, चौकात पाच-दहा मिनिटे उभा राहतो आणि यादी पाहून परत येतो.